सावलीचे माप

तांबूलाचा इतिहास आपल्याकडे बहुधा तबकापासून सुरू होतो. विडा कोणी कोणाला दिला, भर दरबारात पैजेचा विडा कोणी उचलला, पानाबरोबर कात, चुना, लवंग, कर्पूर यांपैकी काय आणि किती असावे, यांविषयी आपल्या वाङ्मयात माहितीचा तोटा नाही. इ. स. 473 च्या मंदसोर शिलालेखात रेशीम विणणाऱ्या कारागिरांनी आपल्या वस्त्राची थोरवी सांगताना स्त्रीच्या शृंगारसाधनांत तांबूलाची गणना केली आहे. तमिळ महाकाव्य 'शिलप्पदिकारम्'मधली कण्णगी पतीला जेवणानंतर पान देते, आणि ते तिच्या हातचे त्याचे शेवटचे जेवण ठरते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील हस्तलिखितांचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी तांबूलाच्या इतिहासावर जे लेखन केले, त्यावाचून या विषयात आजही पुढे जाता येत नाही. परंतु गोड्यांची साधने ग्रंथांची होती, आणि ग्रंथ लिहिणारा पान खाणारा होता, पान पिकवणारा नव्हे. त्यामुळे तबकापासून मागे जाऊ लागले की हा इतिहास बाजारापर्यंत, फार तर जकातीच्या नाक्यापर्यंत पोहोचतो आणि मळ्याच्या कुडापाशी थबकतो.

कुडाच्या आत काय चालते? माझ्या मते तेथे आधी पिकवली जाते ती सावली. पान हे त्या सावलीचे उत्पन्न. हे विधान कोणाला अलंकारिक वाटेल. ते तसे नाही, अगदी शब्दशः खरे आहे, हे पाहण्यासाठी एका गावाकडे जावे लागेल.

तमिळनाडूत पापनाशम नावाची दोन ठिकाणे आहेत. एक दक्षिणेकडे तिरुनेलवेलीच्या बाजूला, ताम्रपर्णीच्या काठी, डोंगराच्या पायथ्याशी. आपले पापनाशम ते नव्हे. हे तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधले, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले, सपाट मुलखातले गाव. रामाने येथे पापक्षालन केले अशी श्रद्धा आहे आणि एकशे आठ शिवलिंगांचे देऊळ त्या श्रद्धेची खूण म्हणून उभे आहे. जवळच तिरुप्पालैत्तुरैच्या मंदिराच्या आवारात सतराव्या शतकातले, नायक राजांच्या काळचे विटांचे प्रचंड धान्यकोठार आहे. या मुलखाचा इतिहास लिहिणाऱ्याची नजर प्रथम त्या कोठाराकडे जाते, आणि ते योग्यच आहे. हा भाताचा देश आहे. पण भातखाचरांच्या त्या उघड्या, चकाकत्या विस्तारात मधूनच एखादा गर्द चौकोन दिसतो. दुरून त्याला झाडी म्हणावे, तर तो फार आखीव असतो. शेत म्हणावे, तर फार उंच. राजगिरी, पंडारवाडै या पापनाशम तालुक्यातील गावांच्या आसपास असे चौकोन विशेष आहेत. ते पानमळे. तमिळमध्ये त्यांना 'कोडिक्काल' म्हणतात. कोडि म्हणजे वेल. तेथले पान बाजारात 'कुंभकोणम वेट्रिलै' म्हणून ओळखले जाते आणि एप्रिल 2025 मध्ये त्याला त्याच नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. पिकवणारे गाव मागे राहावे आणि पेठेचे नाव मालाला चिकटावे, ही बाजाराची जुनीच रीत आहे.

मराठी वाचकाला तंजावर परके नाही. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी ते घेतले आणि 1855 पर्यंत भोसल्यांचे घराणे तेथे नांदले. शहाजीराजांची नाटके, सरफोजीराजांचा सरस्वतीमहाल, मोडी कागदांचे गठ्ठे, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरलेला भोसलेवंशाचा मराठी इतिहास, हे सारे आपण अभिमानाने सांगतो. सरफोजींनी तर पशू, पक्षी आणि वनस्पती यांची चित्रे नामांकित चितारींकडून काढून घेतली होती. दरबारी रीतीत विडा होताच, आणि त्यासाठी पान परगण्यातून येत होते. ज्या हातांनी ते पान वाढवले त्यांची भाषा तमिळ होती आणि त्यांची विद्या लेखणीची नव्हती, कोयत्याची होती. वंशावळीच्या शिलालेखात ती शोधू नये हे खरे. पण ती जिथे शोधावी असा कागद कोणता, हाही प्रश्न उरतोच.

कोयत्याची विद्या म्हणजे काय, ते आता पाहू. मळा लावताना पहिले बी पानवेलीचे नसते. पानवेलीला बी लावण्याचा प्रश्नच नाही. तिची लागवड वेलाच्या तुकड्यांनी होते. आधी उंच वाफे बांधतात, वाफ्यांमधून पाण्याचे पाट काढतात आणि वाफ्यांवर दाट ओळींत अगत्तीचे बी टोकतात. अगत्ती म्हणजे आपला हादगा. आश्विनात ज्याच्या नावाने आपल्या मुली फेर धरतात आणि ज्याच्या पांढऱ्या फुलांची भाजी होते, तोच हा. महिना-दीड महिन्यात हादग्याची रोपे उभी राहिली की त्यांच्या बुडाशी पानवेलीचे तुकडे लावतात. पुढे हादगा वर जातो आणि वेल त्याला धरून वर जाते. वेलीच्या पेरापेरांतून फुटणाऱ्या मुळ्या खोडाला चिकटतात. तेवढ्यावर न विसंबता माणूस वीतभर अंतरावर केळीच्या सोपटाने तिला सैल बांधीत राहतो. हादग्याच्या खालच्या फांद्या पुरुषभर उंचीपर्यंत छाटलेल्या असतात. झाड सुमारे चार मीटरांचे झाले की त्याचा शेंडा मारतात. एवढे झाल्यावर मळ्याला छप्पर आले असे समजावे. पण हे छप्पर जिवंत आहे. ते रोज वाढते, आणि म्हणून रोज चुकते. आज जी सावली बरोबर आहे ती पंधरवड्याने दाट होणार. म्हणून कोयता घेतलेला माणूस मळ्यातून फिरत राहतो, वर पाहतो, खाली पानावर पाहतो आणि एखादी फांदी उतरवतो, एखादी राखतो. किती उतरवायची, याचे कोष्टक त्याच्याजवळ नाही.

परदेशी प्रवाशांनी हे पाहिले होते, पण अर्धेच. चौदाव्या शतकात इब्न बतूता लिहितो की पानाची लागवड द्राक्षवेलीसारखी करतात. तिच्यासाठी मांडव घालतात किंवा तिला नारळीच्या झाडावर चढवतात, आणि तिला फळ नसते, पानासाठीच ती लावतात. त्याने झाड पाहिले ते आधार म्हणून; ते छत्रही आहे, हे त्याच्या नजरेतून निसटले. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता याने पानावर एक स्वतंत्र संवाद लिहिला; त्याचे लक्ष वैद्याचे होते. लिनियसने 1753 मध्ये या वेलीला मिऱ्याच्या कुळात बसवून तिचे शास्त्रीय नाव कायम केले. ईस्ट इंडिया कंपनीला मद्रासेत पान दिसले ते मक्त्याच्या रूपाने: पान आणि तंबाखू विकण्याचा हक्क ती लिलावाने देत असे. 1800-01 मध्ये म्हैसूर, कानडा, मलबार या प्रदेशांतून फिरलेल्या फ्रान्सिस बुकाननने मात्र पानमळ्यांत जाऊन लागवडीची माहिती मन लावून टिपली. असा माणूस क्वचितच.

इब्न बतूताच्या एका वाक्यापाशी थोडे थांबले पाहिजे: या वेलीला फळ नसते. तमिळमध्ये 'वेट्रिलै' या शब्दाची फोड 'नुसते पान' अशी करतात, आणि मलयाळममधल्या त्याच्या भावंडापासून पोर्तुगीजांनी आपला शब्द घेतला, तो पुढे साऱ्या युरोपात गेला. वनस्पतिशास्त्र सांगते की पानवेलीत नर आणि मादी वेली वेगळ्या असतात आणि लागवडीत फुलाफळाला कोणी वाट पाहत नाही. तुकड्यातून वेल, वेलीतून पुन्हा तुकडा. म्हणजे पापनाशमची आजची वेल ही जुन्या वेलीची मुलगी किंवा नात नाही. ती तीच वेल आहे, पुढे चालत आलेली. तिचे मूळ स्थान मलाया द्वीपसमूहाकडचे समजतात. तेथल्या दमट अरण्यात मोठ्या झाडांच्या पायाशी तिची प्रकृती घडली. भातखाचरांच्या उघड्या मुलखात तिला आणून जगवायचे, तर तिच्यासाठी अरण्य उभे करणे भाग होते. ते अरण्य हादग्याचे, चार मीटर उंचीचे, आणि माणसाने रोज मापून ठेवलेले.

प्रकाश कमी पडला तर झाड काय करते, हे जाणायला प्रयोगशाळा लागत नाही. नवरात्रात घटाभोवती पेरलेले धान्य देवघराच्या अंधारात कसे भराभर वाढते, किती उंच, किती लवचीक आणि कसे पिवळट-पांढरे होते, हे प्रत्येक मराठी घराने पाहिले आहे. तंजावरकडे ग्रामदेवतेच्या उत्सवात 'मुळैप्पारि' असते. तेथेही मडक्यांत धान्य पेरून ते आडोशाला वाढवतात आणि ते फिकट अंकुर डोक्यावरून मिरवत नेऊन पाण्यात सोडतात. दोन्हीकडे त्या उंचीचे कौतुक होते. खरे पाहता ती उंची म्हणजे संकटात केलेली धावाधाव आहे. बियाण्यातली पुंजी मर्यादित. उजेड सापडेपर्यंत पाने पसरण्यात, हरितद्रव्य करण्यात ती खर्च करायची नाही, सारी उंचीत घालायची. उजेड वेळेत सापडला तर रोप हिरवे होते, नाही तर पुंजी संपते आणि रोप आडवे होते.

छायेतल्या झाडाची अवस्था याहून सूक्ष्म असते. त्याला उजेड मिळतो, पण तो वरच्या पानांनी चाळलेला असतो. वरचे पान तांबडा प्रकाश खाऊन टाकते आणि तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा प्रकाश खाली सोडते. खालचे झाड या दोहोंचे प्रमाण वाचते आणि आपल्या डोक्यावर दुसरे कोणी आहे हे ओळखते. वाचणारे द्रव्य कोणते, हे अमेरिकेत मेरिलंडमधील बेल्ट्सव्हिल येथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी यांनी शोधले. 1952 मध्ये सॅलडच्या बियांवर त्यांनी दाखवले की तांबडा प्रकाश अंकुरण्याची आज्ञा देतो आणि पलीकडचा प्रकाश ती आज्ञा परत घेतो. 1959 मध्ये ते द्रव्य हाती लागले; त्याला फायटोक्रोम नाव मिळाले.

हे कळले की पानमळ्याच्या रचनेतली चतुराई ध्यानात येते. हादगा हे उन्हाचे झाड. त्याला दाट पेरले की शेजारच्या रोपाची सावली त्याला सोसत नाही. ते फांद्या फोडण्याऐवजी सरळ वर धावते. शेतकऱ्याला नेमके तेच हवे असते: सोटासारखे खोड. पानवेल ही सावलीची. तिला ही स्पर्धा खेळायची नसते. ती कमी मिळकतीत संसार करायला शिकलेली असते: पान रुंद आणि पातळ करावे, त्यात उजेड पकडणारी द्रव्ये भरपूर ठेवावीत, श्वसनाचा खर्च कमी करावा. उन्हातले पान आणि सावलीतले पान यांची आतली घडण वेगळी असते, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट स्टाल याने 1880 च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. पानविक्या तांबोळ्याला हे बोटांनी कळत होते. उन्हाची झळ लागलेले पान जाड, आखूड, पिवळसर आणि जहाल. सावलीत वाढलेले रुंद, मऊ, जिभेवर विरणारे. आपण विड्यात ज्याला पानाचा चांगुलपणा म्हणतो, तो वनस्पतीच्या दृष्टीने टंचाईशी केलेला समझोता आहे.

मात्र टंचाईलाही मर्यादा हवी. हादगा छाटला नाही तर वेलीची पेरे लांबतात, पाने विरळ आणि फिकी पडतात, आणि ओल हटत नाही. पावसाळ्यात अशा कोंदट मळ्यात मुळे कुजवणारी बुरशी शिरली की ओळीच्या ओळी बसतात. आपल्या जुन्या कोड्यात पान का सडले याचे उत्तर 'न फिरवल्यामुळे' असे आहे. तंजावरच्या मळ्यात पान सडते ते फांदी न उतरवल्यामुळे, एवढाच फरक.

आता दुसरी बाजू. प्रकाश अन्न आहे, तेव्हा तो जितका अधिक तितका बरा, अशी आपली भाबडी समजूत असते. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो. सावलीत वाढलेल्या पानाचे पोट त्याच्या लहानशा अंशात भरते. उरलेला प्रकाश मात्र पानावर येतच राहतो. पान तो नाकारू शकत नाही. हरितद्रव्याने पकडलेली ऊर्जा कामाला लागली नाही तर ती घातक होते, आतल्या यंत्रणेला जाळू लागते. यावर झाडांनी तऱ्हेतऱ्हेचे उपाय केले आहेत. पेशीतले हरितकण सरकतात: मंद उजेडात ते पानाच्या पृष्ठभागाला समांतर पसरून बसतात, प्रखर उजेडात बाजूच्या भिंतींना चिकटून एकमेकांच्या आडोशाला उभे राहतात. भर उन्हात चाललेल्या माणसांनी भिंतीच्या कडेची सावली धरावी, तसेच हे. दुसरा उपाय रसायनाचा. पानातले व्हायोलाझँथिन नावाचे पिवळे द्रव्य प्रखर प्रकाशात पालटून झिआझँथिन होते, आणि ते असले की जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निमूट बाहेर पडते. उजेड ओसरला की ते पुन्हा मूळ रूपावर येते. या पालटाची चाहूल 1950 च्या दशकात लागली आणि त्याचे प्रयोजन 1987 नंतर स्पष्ट होत गेले. एवढे करूनही मोडतोड होतेच. प्रकाश झेलणाऱ्या यंत्रणेतले डी-1 नावाचे प्रथिन उजेडात सतत तुटत असते आणि पेशी ते सतत नवे घडवत असते. तुटण्याचा वेग घडण्याच्या वेगापुढे गेला, की पान फिके पडते, मग करपते.

उन्हात वाढलेल्या पानापाशी हे सारे उपाय मोठ्या प्रमाणावर सज्ज असतात. सावलीतल्या पानापाशी ते बेताचे असतात, कारण त्याने आपली मिळकत प्रकाश पकडण्यात गुंतवलेली असते, त्यापासून वाचण्यात नव्हे. म्हणून पानमळ्यातला खरा अपघात ऊन हा नाही. एकाएकी आलेले ऊन हा आहे. कावेरीच्या मुखाकडच्या या मुलखाला वादळे नवी नाहीत. नोव्हेंबर 2018 च्या 'गज' वादळाने तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण भागातली नारळीची बने झोपवली. हादग्याचे लाकूड ठिसूळ. वाऱ्याने मळ्याचे छप्पर मोडले तरी काही वेली शाबूत राहतात. पण दुसऱ्या दिवशी आभाळ निवळते आणि त्या पानांना जन्मात न पाहिलेले ऊन समोर येते. वादळाने वाचवलेले ऊन नेते. हाच अपघात अडाणी हाताने कोयता चालवला तरी होतो. एका दिवसात फार फांद्या उतरवल्या की वेल पोळते. म्हणून जाणता माणूस थोडे-थोडे उतरवतो. पानाला आपली व्यवस्था बदलायला दिवस द्यावे लागतात, हे विज्ञानाने अलीकडे सिद्ध केले. कोयत्याची चाल त्याच्या फार आधी त्या दिवसांच्या हिशेबाने ठरलेली होती.

या हिशेबात सूर्यही स्थिर नाही. पापनाशम सुमारे 11 उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या अखेरीस सूर्य तेथे माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. पौषात तो दक्षिणेकडे कलतो आणि ईशान्य मोसमी पावसाचे ढग ऑक्टोबरपासून आधीच उजेड कमी करून बसलेले असतात. म्हणजे उन्हाळ्यात छप्पर राखायचे आणि पावसाच्या तोंडावर ते विरळ करायचे. शिवाय हादग्याचे पान संयुक्त, बारीक पत्रिकांचे. त्यातून अखंड सावली पडत नाही, कवडसे पडतात. कवडसा हा शब्द आपल्याकडे कवींच्या ताब्यात असला तरी वनस्पतिशास्त्राने तो विषय गंभीरपणे घेतला आहे. अरण्याच्या तळाशी असलेली झाडे दिवसाच्या कमाईचा मोठा भाग काही मिनिटे टिकणाऱ्या अशा कवडशांतून मिळवतात, आणि एक कवडसा येऊन गेला की पान पुढच्यासाठी काही काळ तयार राहते. ज्याने पानमळ्यासाठी प्रथम हादगा निवडला, त्याने दाट पानाचे झाड टाळून कवडशांचे झाड घेतले. तो कोण, केव्हाचा, हे कोणत्याही वंशावळीत नाही.

बंगाल-ओरिसाकडे याच प्रश्नाचे वेगळे उत्तर आहे. तेथे 'बरोज' बांधतात: बांबू, गवत, काटक्या यांची झोपडीवजा बंदिस्त जागा. तिथली सावली शाकारलेली, मृत. ती वाढत नाही, जुनी होते. आपल्याकडे मिरज तालुक्यातील आरग, बेडग, नरवाड येथले पानमळे तंजावरच्या जातीचे आहेत. तेथेही शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा यांच्या आधाराने वेल चढते आणि वर्षाला उतरणी होते. शंभर पानांच्या जुडीला तमिळमध्ये 'कवुळि' म्हणतात. पानाच्या बाजारात 'कवळी' ऐकलेल्या मराठी माणसाला तो शब्द परका वाटणार नाही. कृष्णेकाठचा मळेकरी आणि कावेरीकाठचा मळेकरी एकमेकांची भाषा न समजताही एकमेकांच्या मळ्यात उभे राहिले तर वर पाहून मान डोलावतील, असे मला नेहमी वाटते. तंजावरच्या मराठी राज्याविषयी आपण जे संबंध मोजतो त्यांत हा संबंध कधी मोजलेला नाही.

मळ्याच्या कुडाबाहेरच भात आहे, आणि भाताचा प्रकाशाशी असलेला संबंध वेगळ्या कारणाने नोंदला गेला. जुन्या सांबा हंगामाच्या जाती पावसाळ्यात लावल्या तरी फुलत नसत; त्या रात्र मोठी होण्याची वाट पाहत. पापनाशमला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक सव्वा तासाच्या आसपास. तेवढाही या भाताला पुरतो. झाड दिवसाची लांबी मोजते, हे 1920 मध्ये गार्नर आणि अलार्ड यांनी जगाला सांगितले, आणि सांगितले ते पानाच्याच सोबत्यावरून, म्हणजे तंबाखूच्या एका जातीवरून. दोनच वर्षांनी, 1922 मध्ये, पापनाशमपासून फार दूर नसलेल्या आडुतुरै येथे भात संशोधन केंद्र निघाले. तेथून 1960 च्या दशकाच्या मध्यास आलेल्या एडीटी 27 या भाताने दिवसाच्या लांबीची वाट पाहणे सोडले आणि कुरुवै हंगामाचे चित्र पालटले. हे सारे कागदावर आहे, कारण राज्याचा वसूल भातावर होता: नायकांचा कोठारात, भोसल्यांचा कारभारात, इंग्रजांचा जमाबंदीत. पानावरचा वसूल पेठेत होत असे. जिथे वसूल होतो तिथे कारकून बसतो, आणि म्हणून शेतातल्या भाताला दप्तर मिळाले, मळ्यातल्या सावलीला मिळाले नाही. पुढे तिरुचिरापल्लीजवळच्या सिरुगमणी येथे पानवेलीवर संशोधन झाले, एसजीएम 1 ही वेल तेथून आली. तरी नोंदींचा तोल आजही भाताकडेच आहे.

या विषयाला आज निकड आली आहे ती वेगळ्या कारणाने. हादग्यावर चढून फांदी उतरवणारा, वेल बांधणारा, उतरणी करणारा माणूस मिळेनासा झाला आहे. मळ्याचे काम मजुरीला जड आणि मुलांना नको असलेले. त्याला पर्याय म्हणून कित्येक ठिकाणी हिरवी शेडनेट आली. ती टक्क्यांवर विकली जाते: 50 टक्के, 75 टक्के. सावलीच्या मापाला प्रथमच आकडा मिळाला तो असा, कापडाच्या गठ्ठ्यावर. मी या जाळीचा विरोधक नाही. ती कष्ट वाचवते, मूळकूज आटोक्यात ठेवायला मोकळी हवा देते, आणि नवख्या माणसालाही मळा करू देते. मात्र पौषातही ती 75 आणि चैत्रातही 75. ती जमिनीला नत्र देत नाही, जनावराला चारा देत नाही. हादगा दोन्ही देतो, आणि द्वादशीला उपास सोडणाऱ्याच्या पानात पालेभाजीही. भौगोलिक मानांकनाने पानाच्या नावाचे रक्षण होईल. ते पान कोणत्या सावलीत वाढले पाहिजे, आणि ती सावली राखणाऱ्याला काय मिळाले पाहिजे, हे नुसत्या नावाने ठरत नाही.

पंडारवाडैच्या बाजूला मळ्यातून उतरवलेल्या अगत्तीच्या फांद्या बांधावर पडतात आणि अमावास्येला त्या गायींपुढे टाकण्यासाठी लोक घेऊन जातात. वेल हादग्याच्या शेंड्याला पोहोचली, की तिला सोडवून खाली आणतात, वेटोळे करून वाफ्यात पुरतात आणि वर माती ओढतात. शेंडा तेवढा मोकळा राहतो. तो पुन्हा बुडापासून, मळ्यातल्या सर्वांत अंधाऱ्या जागेपासून चढू लागतो, आणि त्याच्यासाठी वरची एखादी फांदी उतरवावी लागते.